आगाऊ लिहिलेलं शिखर

आमच्या कंपनीत प्रत्येक लाइनच्या डोक्यावर एक पांढरा बोर्ड टांगलेला असतो. त्यावर तासाचे रकाने. सात ते आठ, आठ ते नऊ, असं शिफ्ट संपेपर्यंत. त्या तासात किती नग निघायला हवे होते आणि किती निघाले, हे सुपरवायझरने मार्करने लिहायचं. मी हे काम महाळुंग्याला एकवीस वर्षं करतोय, आणि तास पुरा झाल्यावर बोर्ड भरलाय असं क्वचित झालं असेल. प्लांट हेड नऊला फेरी मारतात. नऊला रकाना कोरा दिसला की सगळ्यांसमोर बिनपाण्याने हजामत होते. म्हणून पावणेनऊलाच आकडा लिहून मोकळं व्हायचं. पंधरा मिनिटांत किती निघणार हे आपल्याला ठाऊक असतंच की! आणि नाहीच निघाले, मध्येच मशीन बसलं, तर पुढच्या तासात लाइन पळवायची आणि तूट भरून काढायची. याला आम्ही खोटं म्हणत नाही, आगाऊ भरणं म्हणतो.

हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे मी जे केलं ते डोकं फिरलं म्हणून नाही केलं. सवयीने केलं. आणि त्याची मला इतकी लाज वाटते की चिंचवड स्टेशनच्या चौकातून जाताना अजूनही मी मान खाली घालून जातो.

मी मूळचा लातूरकडचा. डोंगर पहिल्यांदा पाहिला तो नोकरीला इकडे आल्यावर. मग असं वेड लागलं की दर रविवारी सह्याद्रीत. पुढे कंपनीतल्या चार डोक्यांना घेऊन ग्रुप काढला. पन्नाशीत दोन्ही गुडघे गेले, डॉक्टर म्हणाले जिनेसुद्धा जपून चढा, तेव्हा मी खाली बसून सूचना देणारा झालो. माणूस चढायचा थांबला की जास्त बोलायला लागतो, तसं माझं झालं.

आमच्या ग्रुपमध्ये टूलरूमचा एक फिटर होता. नाव सांगणार नाही. शिखराचंही नाव सांगणार नाही, नाहीतर कोणीतरी शोधत बसेल. महाळुंग्याजवळच्याच गावातला, जुन्या शेतकरी घरातला. शेताच्या जागी आता कारखान्यांच्या भिंती, घरात तो आणि त्याची आई. चौतीस वर्षांचा, बोलायला कमी, चालायला वाघ. टूलरूममध्ये त्याचं नाव होतं ते त्याच्या बोटांमुळे. नवीन डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचा साचा, पॉलिश होऊन आली की तो डोळे मिटायचा, उजव्या हाताच्या बोटांची टोकं पृष्ठभागावरून फिरवायचा आणि म्हणायचा, "सर, इथं कुसळ लागतंय." भिंगातून बघितलं तर खरंच तिथे धातूची केसाएवढी धार उभी असायची. क्वालिटीवाले मशीन लावायच्या आधी त्याला बोलवायचे.

त्याला आठहजारी, म्हणजे आठ हजार मीटरच्या वरचं, शिखर करायचं होतं. पूर्वी असल्या मोहिमा म्हणजे मोठ्या संस्था, मोठी माणसं, वर्तमानपत्रात फोटो. आता तसं राहिलेलं नाही. काठमांडूची एजन्सी सगळं करते. बेस कॅम्पला तंबू, स्वयंपाकी, वरपर्यंत आधीच बांधून ठेवलेला दोर, ऑक्सिजनच्या बाटल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक शेर्पा. शाळेतले मास्तर जातात, बँकेतल्या बाया जातात. त्याने पाच वर्षं ओव्हरटाइम करून जमवाजमव केली, थोडा हातभार कंपनीने लावला, आणि पठ्ठ्या निघाला.

ग्रुपमधल्या एका शहाण्याने चहाच्या टपरीवर टोमणा मारला, "आजकाल काय राव, शेर्पाच ओढत नेतो की वर!" मी त्याच्यावर असा उखडलो की चहावाल्याने मध्ये पडून मला बाकावर बसवलं. "दोर बांधलेला असला तरी पाय ज्याचे त्यालाच उचलावे लागतात, भडव्या," असं काहीतरी बोललो मी. तोंडाळपणा हा माझा जुना आजार आहे. पण त्या दिवसापासून ते शिखर मला त्याच्यापेक्षा जास्त हवं झालं, हेही खरं.

जायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "सर, एजन्सी रोज तुमच्या फोनवर मेसेज टाकणारे, इंग्लिशमध्ये. तुम्ही तेवढं मराठीत करून ग्रुपवर टाका. आन आयेला वाचून दावा. ती लई काळजी करते." मी छाती फुगवून हो म्हणालो.

मेसेज यायचे ते अगदी कोरडे. 'सर्व सदस्य कॅम्प एकला पोहोचले. तब्येती ठीक.' एवढंच. आता हे असं कोण वाचणार? मग मी त्यात थोडं मीठमिरची घालू लागलो. बर्फाचा कडाडणारा आवाज, झोंबणारा वारा, आमच्या वाघाची पावलं. दोनशे माणसांचा ग्रुप झाला. कँटीनमध्ये लोक ताटं घेऊन माझ्याजवळ येऊन बसायला लागले, "आज कुठवर?" म्हणून. प्लांट हेड, ज्यांनी एकवीस वर्षांत मला कधी खुर्ची दिली नव्हती, ते सकाळच्या मीटिंगच्या सुरुवातीला मला पाच मिनिटं बोलायला लावायचे. मला ते आवडत होतं. फार आवडत होतं.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की त्याच्या घरी जायचो. आईला मी मावशी म्हणतो. तिला वाचता येत नाही, म्हणून ओसरीवर बसून वाचून दाखवायचो. या मोहिमांची रीत अशी असते की आधी वर जायचं, हवेची सवय करायची, परत खाली यायचं, मग अजून थोडं वर, परत खाली. मावशी वैतागायची. "परवा वर गेला हुता ना? मंग आज खाली का? रस्ता चुकला का काय त्यो?"

"नाही हो मावशी. शरीराला सवय लागावी म्हणून."

"म्हंजी रानात पाणी द्यायला गेलं आन मोटार चालू न करता माघारी आलं, असंच की!"

मी हसायचो. तीही हसायची. पण देवघरात दिवा तेवत असायचा. तो वर असेल त्या दिवशी ती जेवायची नाही; खाली आल्याचं कळलं की मग ताट वाढून घ्यायची. म्हणून माझी वाट बघायची.

शेवटच्या चढाईचा दिवस ठरला. गणपती नुकतेच गेले होते, त्यांच्या गावातल्या मंडळाचे ढोल अजून मंडपातच होते. मंडळाच्या पोरांनी चिंचवडच्या चौकात आणि गावच्या वेशीवर लावायला फ्लेक्स तयार ठेवले होते. त्यावरचा मजकूर माझाच. प्लांट हेडनी नऊच्या फेरीनंतरच्या मीटिंगला केक सांगून ठेवला होता.

त्या दिवशी मला फर्स्ट शिफ्ट होती. पावणेसातला मेसेज आला : 'टीम छान चालली आहे. शिखर साधारण एक तासावर.' मी लाइनवर उभा होतो. साडेसात झाले. पावणेआठ. काही नाही. आठ वाजले तरी नाही. मंडळाच्या पोरांचे फोनवर फोन, "काका, लावू का?" प्लांट हेडच्या ऑफिसमधून दोनदा निरोप, "झालं का?" मी मनात हिशोब केला. पावणेसातला एक तास म्हणजे पावणेआठ. वाऱ्याबिऱ्याची पंधरा मिनिटं धरली तरी आठ. आता वर फोटो काढत असतील, मेसेज टाकायला हात कुठे मोकळे असणार? माझ्या एका हातात मार्कर होता, आठ ते नऊचा आकडा मी तेव्हाच बोर्डावर लिहीत होतो. दुसऱ्या हातातल्या फोनवर लिहिलं :

'शिखर सर! सकाळी ठीक आठ वाजता आपल्या वाघाने शिखरावर पाऊल ठेवलं. पोहोचताच त्याने तोंडावरचा मास्क काढला आणि पहिली हाक मारली ती आपल्या आईला.'

ते हाकेचं कुठून आलं, देव जाणे. नुसतं पाऊल ठेवलं हे बोडकं वाटत होतं, म्हणून जोडलं. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, हा मूर्खपणा बघा.

पुढचे पाच तास मी हवेत होतो. केक कापला. फ्लेक्स लागले. गावात ढोल वाजले, त्याचा व्हिडिओ आला. मावशीला खुर्चीवर बसवून नगरसेवक हार घालतायत, आणि ती सगळ्यांना सांगतेय, "वर पोचल्यावर पयली मलाच हाक मारली म्हणं त्यानं!" लोक तिला परत परत विचारतायत आणि ती परत परत सांगतेय. पेढ्यांनी तिचे हात चिकट झाले होते.

दुपारी एकला एजन्सीचा मेसेज आला. वारा अचानक वाढल्यामुळे शिखराच्या अलीकडून काही सदस्य परतले. त्यात त्याचं नाव होतं. सगळे सुखरूप कॅम्पवर.

मी कँटीनच्या मागच्या बाजूला, गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्याजवळ जाऊन तो मेसेज चार वेळा वाचला. त्याच क्षणी ग्रुपवर एक ओळ टाकायची होती : 'चूक झाली, माफ करा.' एवढं केलं असतं तर लोकांनी दोन दिवस माझी टर उडवली असती आणि विषय संपला असता. मी काय केलं? मी लिहिलं, 'सर्वजण सुखरूप कॅम्पवर परतले आहेत.' ते खरं होतं. एका खऱ्या ओळीने आधीची खोटी ओळ झाकून टाकली आणि वर लोकांचे अंगठे घेतले. स्वतःला समजावलं, एका तासाचंच तर अंतर राहिलं, नव्वद टक्के काम झालंच की. शॉप फ्लोअरवर ही वाक्यं मी एकवीस वर्षं इतरांच्या तोंडून ऐकली आहेत आणि प्रत्येकाला फाडून खाल्लंय.

तिसऱ्या दिवशी त्याचा बेस कॅम्पवरून फोन आला. मध्ये मध्ये तुटत होता.

"सर, तुम्ही काय टाकलंय हे?"

मी उलट त्याच्यावरच चढलो. चूक आपली असली की माझा आवाज आधी चढतो. "अरे, मेसेज आला होता ना, एक तास राहिलाय म्हणून! मला काय स्वप्न पडणार होतं, तू माघारी फिरशील म्हणून?"

तो हळूच म्हणाला, "शेर्पा म्हणला, आता फिरायचं. मी फिरलो. पायांनी चाललो, सर, कुणी धरून आणलं नाही. मला वाटलं होतं तुम्ही शाबास म्हणाल."

कुठलाही जाणता डोंगरवाला त्याला शाबासच म्हणाला असता. शिखर समोर दिसत असताना सांगितल्याबरोबर पाठ फिरवणं, याला चढण्यापेक्षा मोठी छाती लागते. ग्रुपमधल्या नव्या पोरांना हे मीच शिकवत आलोय, किल्ल्यावर बसून, भाषणं ठोकून. त्या वेळी मी ते म्हणालो नाही. मी म्हणालो, "ते सगळं ठीक आहे रे. पण तुझ्या आईला आता मी काय सांगू? अख्ख्या गावासमोर हार घेतलाय तिनं."

"सकाळी मी तिला फोन केला होता. रडत होती. म्हणली, मला हाक मारलीस म्हणं. मला न्हाई म्हणवलं नाही, सर."

"मग?"

"चार दिवसांनी परत वारा पडणारे म्हणतात. माझ्या वाटच्या दोन बाटल्या शिल्लक हायेत. शेर्पाला विचारतो."

त्या क्षणी मला बरं वाटलं. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण तेच खरं आहे. आठ हजार मीटरच्या अलीकडून उतरून तीन दिवस न झालेला माणूस परत तिकडे निघाला होता आणि मला बरं वाटत होतं, कारण तूट भरून निघणार होती. "बघ, अंगात जीव असेल तर," असं मी म्हणालो. हे वाक्य काळजीचं वाटतं ना? ते तसं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. नको जाऊ, एवढे दोन शब्द मला सुचले नाहीत असं नाही. सुचले होते.

मग पुढचे पाच दिवस. ग्रुपवर काही टाकायचं नव्हतं, कारण लोकांच्या दृष्टीने मोहीम संपली होती. तो वर चढतोय हे पिंपरी-चिंचवडमध्ये फक्त मला ठाऊक. एजन्सीचे मेसेज मी एकटाच वाचत होतो, संडासात जाऊन. कॅम्प दोन. कॅम्प तीन. लाइनवर पोरांवर विनाकारण ओरडत होतो. संध्याकाळी मावशीकडे जाणं टाळलं, तर तिचाच फोन, "सायेब, कवा यायचा त्यो?"

"सामान आवरतायत मावशी. लागतो वेळ."

"आवरू द्या, आवरू द्या. आता काय घोर न्हाई."

तो दुसऱ्यांदा शिखराकडे निघाला त्या दिवशी चौकात मावशीचा सत्कार होता. महिला मंडळाचा. मला भाषण करायला बोलावलं होतं. मी गेलो. मी बोललोसुद्धा. मावशी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती, चेहऱ्यावर असा काही निवांतपणा, की मी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि लोकांना वाटलं मी भारावलोय. टाळ्या पडल्या. भाषण संपवून खाली उतरलो तेव्हा मेसेज आला होता : शिखर. या वेळी खरं. आणि खाली एक ओळ, 'एका सदस्याच्या हाताला हिमदंश, खाली आणत आहेत.'

हिमदंश म्हणजे काय हे मला पुरतं माहीत होतं. गारठ्याने रक्त थांबतं, बोट आधी पांढरं पडतं, मग काळं.

काठमांडूत महिनाभर ठेवलं. मग इकडे आणलं. उजव्या हाताची तीन बोटं पहिल्या पेरापासून काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली. शिखराच्या प्रमाणपत्रावर तारीख वेगळी, फ्लेक्सवर वेगळी. कुणाचंही लक्ष गेलं नाही. गावात सगळ्यांना वाटलं, फ्लेक्सवरच्या तारखेला वर गेला तेव्हाच बोटं गेली असतील, उतरल्यावर कळलं असेल. कंपनीने त्याला टूलरूममधून स्टोअरला बसवलं.

मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मावशी डबा आणायला घरी गेली होती. तो खिडकीजवळ, हाताला हे एवढं बँडेज. मी म्हणालो, "ग्लोव्ह फाटला का रे? दोन-दोन घातले होतेस ना?"

"काढला होता, सर."

"का?"

"फोन. ग्लोव्हवर फोन चालत न्हाई. व्हिडिओ घ्यायचा होता." तो पंख्याकडे बघत बोलत होता. "तुम्ही लिहिलं होतं ना, मास्क काढला आन आयेला हाक मारली. म्हणलं तेवढं तरी खरं करावं. मास्क काढला, आतला ग्लोव्ह पण काढला, हाक मारली. वाजवून बघितलं तर वाऱ्याशिवाय काहीच आलं नव्हतं. मग वाऱ्याकडं पाठ केली आन परत घेतला. शेर्पा मागं एकाची बाटली बदलत होता. त्यानं बघितलं तवा धावत आला, लई शिव्या दिल्या. तोवर झालं होतं."

शिखर लांब पडलं, पाय घसरला, वारा सुटला, असं काही असतं तर मी दैवाला, हवेला, कुणाला तरी पुढे केलं असतं. ही बोटं माझ्या एका वाक्याने गेली होती. तेही मोहिमेतलं नाही, माझ्या मनाचं वाक्य. मी त्याच्या पायाशी हात नेला, माफी मागायला. त्याने पाय मागे घेतले.

"असं करू नका. एक काम करा फक्त. आयेला तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होत न्हाई. आला-गेला कुणी दिसला की ती तो व्हिडिओ लावते, आन मला ऐकत बसायला लागतं."

मी म्हणालो, "उद्याच सांगतो."

उद्या म्हणजे पाच महिने. लोकांच्या चुका तासाला पकडणारा मी, पाच महिने रोज मावशीच्या घराच्या वळणावरून गाडी सरळ पुढे नेत होतो. कधी वार्षिक ऑडिट, कधी मुलीचं प्रवेशाचं, कधी नुसतंच डोकं दुखतंय. तो स्टोअरच्या खिडकीत दिसायचा. एकदाही आठवण केली नाही त्याने. डाव्या हाताने स्लिपा फाडून द्यायचा आणि "या सर" म्हणायचा, पूर्वीसारखंच. त्याने एकदा तरी माझ्या श्रीमुखात भडकवायला हवी होती.

शेवटी गेलो ते एका क्वालिटीवाल्यामुळे. नवीन डाय आली होती. हा माणूस नवा, त्याला काही ठाऊक नाही. तो स्टोअरच्या खिडकीशी जाऊन म्हणाला, "भाऊ, तुमच्या हाताला बारीकसारीक कळतं म्हणतात, जरा बघता का?" फिटर उठला. आला. डोळे मिटले आणि उजवा हात डायवर ठेवला. मग डावा ठेवला. खूप वेळ फिरवत राहिला. "न्हाई कळत," म्हणाला आणि परत खिडकीत जाऊन बसला. मी त्याच पावली अर्धी सुट्टी टाकली.

मावशी घरी एकटीच होती. "या या सायेब, लई दिसांनी!" म्हणत तिने चहाचं आधण ठेवलं. बसायच्या आतच फोन काढला. "बगितला का तुमी? बगा." छोट्या पडद्यावर गॉगल लावलेला, दाढीला बर्फ चिकटलेला चेहरा, मागे निळं आभाळ, आणि फाटलेल्या आवाजात, "आये! म्या पोचलो, आये!" मग फोन बंद करायला हात पुढे येतो. उघडा हात. दहा-दहा वेळा बघूनही तिला तो दिसला नसेल, कारण ती चेहराच बघत होती.

"मावशी, तो बंद करा. मला सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, चपला हातात धरून, शाळेत मास्तरांनी उभं केल्यासारखा. बोर्ड सांगितला, आठ वाजता काय लिहिलं ते सांगितलं, तो फोन, ती हाक माझ्या मनाची होती हे, सगळं. मध्ये मी रडायला लागलो तर ती म्हणाली, "रडू नका, नीट सांगा. मला समजंना." मग मी डोळे पुसून नीट सांगितलं.

ती ओट्याला टेकून ऐकत होती. चहा वर येऊन पातेल्याच्या काठाशी फेसाळत होता.

"म्हंजी पयल्या खेपेला त्यो माघारी आला हुता?"

"हो."

"धडधाकट?"

"हो मावशी."

"दोन्ही हात घिऊन?"

"हो."

मग ती म्हणाली, "आन दुसऱ्या खेपेला त्यो वर हुता, तवा म्या काय करत हुते?"

मी सांगितलं, "चौकात तुमचा सत्कार होता."

"म्या जेवले हुते त्या दिशी," ती म्हणाली. "जिलबी हुती." ती हे मला सांगत नव्हती. तिने मागे हात नेऊन गॅस बंद केला. चहा पातेल्यात तसाच बसला. कप तिने घेतले नाहीत.

मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, जणू अजून काहीतरी समजायचं राहिलं असावं तसं तिने विचारलं, "आन तुमी त्याला परत वर धाडलं?"

मी हो म्हणालो.